वाईच्या घाटावरची सांगली

इस्लामपूर, २० नोव्हेंबर २०२३

ब्राह्मीअक्का,

जय जिनेंद्र. इतक्या वर्षांनी माझं अक्षर बघून तू दचकली असशील. खुशाली विचारायला लिहीत नाही. आमचे 'हे' गेले तेव्हा तुझा मेसेज आला होता, मी उत्तर दिलं नाही. त्यानंतर दोनदा फोन आला, तोही उचलला नाही. फोनवर तू बोलायला लागलीस की मी ऐकत बसते आणि शेवटी तुझंच खरं म्हणून ठेवून देते. कागदावर तुला मध्ये बोलता येत नाही, एवढ्यासाठी कागद घेतला.

परवा पेपरात तुझा फोटो आला. सांगलीच्या कन्येच्या कादंबरीवर अमेरिकन चित्रपट, चित्रीकरण वाईत. तुझं सगळं आयुष्य त्यांनी एका रकान्यात बसवलंय. मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडत्याची मुलगी, इंग्रजीत एम. ए., शिष्यवृत्तीवर अमेरिका, पहिल्याच कादंबरीला बक्षीस, मग लॉस एंजेलिसला मालिकांचं लेखन. मधली वर्षं त्यात नाहीत. तू लायब्ररीत पुस्तकं रचायचीस, नवरा सोडून गेला, कादंबरी छापायला कुणी घेईना, ती वर्षं. तेव्हा तुझा फोन दर रविवारी यायचा. तुला तिथं मराठी बोलायला कुणी नव्हतं आणि मला इथं बोलायलाच कुणी नव्हतं. म्हणून मी तुला सगळं सांगितलं.

मग पुस्तक आलं. सांगलीच्या कॉलेजात तुझा सत्कार झाला, आप्पा पांढरी टोपी घालून पहिल्या रांगेत बसले होते. पुराणातल्या ब्राह्मी-सुंदरीसारखी माझ्या थोरलीला अक्षरं दिली, धाकटीला अंक दिले, असं येईल त्याला सांगत होते. धाकटीनं अंक मोजून काय केलं, ते त्यांना कुणी विचारलं नाही. तू मला सही करून प्रत दिलीस. 'सुंदीला, जिच्याशिवाय हे झालं नसतं.' मला वाटलं, थोरली बहीण प्रेमानं लिहिते तसं लिहिलंय. बारावीचं इंग्रजी माझं. डिक्शनरी घेऊन वाचायला मला पावसाळाभर लागला. दवाखान्याच्या पानापर्यंत आले तेव्हा कळालं, तू खरंच लिहिलं होतंस.

मी फोन केला तेव्हा तू म्हणालीस, "ती तू नाहीस सुंदे, ती एक बाई आहे." तेव्हापासून आपण बोललो नाही.

आता कामाचं लिहिते. अपेक्षाच्या आधी दोनदा मला सीमेपलीकडच्या त्या दवाखान्यात नेलं होतं, दोन्ही वेळा मुलगी म्हणून. जीवजंतू मरू नयेत म्हणून सूर्य मावळल्यावर घास न घेणारं आमचं घर, त्या घराच्या जीपमधून नेलं. तिसऱ्या वेळी डॉक्टर सासूबाईंना म्हणाला, पेढे सांगून ठेवा. त्याचं चुकलं म्हणून माझी लेक जन्माला आली. हे आता मला, सासूबाईंना आणि तुला माहीत आहे. तू ते इंग्रजीत लिहिलंस, इथं कुणी वाचलं नाही, म्हणून मी गप्प राहिले.

पण एक गोष्ट तुला माहीत नाही, कारण ती आपण बोलायचं थांबल्यानंतर वाढली. घरात पेढे आधीच येऊन पडले होते. मुलगी झाली म्हटल्यावर सासूबाईंनी ते म्हशींपुढं टाकायला लावले. अपेक्षा सहा-सात वर्षांची असताना शाळेतून रडत आली. कुणीतरी म्हणालं होतं, मुलगी झाली की बर्फी वाटतात आणि मुलगा झाला की पेढे. मी म्हटलं, "तुझ्या वेळेला आज्जीनं पेढं आणलं हुतं. येवढं आणलं, येवढं आणलं, की माणसं खाऊन दमली, मग म्हशीस्नी सुदिक घातलं." ती हसायला लागली. तेव्हापासून ती हे सगळ्यांना सांगते. 'लेक वाचवा' वर भाषणं केली, त्यातही सांगितलं. जिल्ह्यात बक्षीस मिळालं. सासूबाईंना व्यासपीठावर बोलावून शाल घातली, त्यांनीही घालून घेतली. आज्जी म्हणजे तिचा जीव की प्राण आहे. सासूबाई आता अंथरुणावर असतात, औषध फक्त तिच्या हातून घेतात.

म्हणून मागते. सिनेमात सासू ठेव, दवाखाना ठेव, मलाही ठेव. ती मुलगी का वाचली, तेवढं काढ. आणि अपेक्षाला त्या शूटिंगपासून लांब ठेव. ती पुण्याच्या कुणाकुणाला फोन करून काम मागतेय. तुझा फोटो कापून तिनं फ्रिजवर चिकटवलाय. पाणी घ्यायला गेलं की तू समोर.

सुंदरी


इस्लामपूर, ६ जानेवारी २०२४

अक्का,

तुझं पत्र मिळालं. मराठी अक्षर पार बिघडलंय तुझं, जोडाक्षरं फोडून लिहिली आहेस. तरी मराठीत लिहिलंस.

तू म्हणतेस, हक्क विकले आहेत, आता कथा तुझी राहिली नाही. तू म्हणतेस, दहा वर्षं तिथं लिहिलंस ते सगळं फाइलीत पडलं, दुसऱ्यांच्या मालिकांची वाक्यं दुरुस्त केलीस, मग तिथल्या लेखकांचा संप झाला, मग कुणी बोलावलंच नाही. हा एक सिनेमा होतोय आणि तो त्या प्रसंगामुळंच होतोय. तो वाचून निर्माती रडली. सत्तावन्नाव्या वर्षी आता पुन्हा काही मिळणार नाही. हे सगळं मला समजलं. तुझ्या जागी मी असते तर काय केलं असतं मला माहीत नाही. तुझ्या जागी मी कधी नव्हतेच.

अपेक्षाला काम मिळालं. तू दिलं नाहीस, ते मला मान्य आहे. तिनं फोनवर पुण्याच्या माणसाला आपली बोली बोलून दाखवली आणि त्यानं ठेवून घेतलं. मुंबईच्या नट्यांना आपल्याकडचं बोलणं शिकवायचं. ती घरात तयारी करत होती. "आमच्याकडं बाया 'मी जाते' म्हणत न्हाईत मॅडम, 'मी जातो' म्हणत्यात," असं आरशात बघून सांगत होती आणि स्वतःच हसत होती.

मी म्हटलं, "नको जाऊस."

"का?"

"आज्जीला कोण बघणार?"

"महिन्याचा तर प्रश्न हाय. मी फोनवरनं सांगतो की तिला गोळी घे म्हणून." मग माझ्याजवळ येऊन बसली. "आई, मावशीवर तुझा राग का हाय? पुस्तकात तुझं काय लिहिलंय का?"

"मला कुठं येवढं इंग्रजी येतंय," मी म्हटलं.

"मग मी वाचून दाखवू?"

पुस्तक मी कुठं ठेवलंय ते तिला माहीत नाही. बाहेरून मागवायचं ती म्हणाली होती, पण मावशीच्याच तोंडून ऐकायचं तिच्या मनात होतं.

तू लिहिलंस, सिनेमातून कळण्याआधी तूच तिला सांग. मी ठरवलं. दोन दिवस ठरवत होते. ती निघायच्या आदल्या संध्याकाळी सासूबाईंना मऊ भात भरवत बसली होती. त्यांच्या ओठाला लागलेलं शीत तिनं बोटानं टिपलं आणि स्वतःच्या तोंडात टाकलं. मी दारात उभी होते. ती ताट घेऊन आली तशी मी बाजूला सरकले, तिनं ते मोरीत नेऊन ठेवलं. काय सांगणार होते? की तू ज्यांना भरवलंस त्यांनी तुला मुलगा समजून राहू दिलं?

सकाळच्या गाडीनं ती वाईला गेली. तू पुढच्या आठवड्यात येतेस असं ती म्हणाली. तिथं तिच्याशी कमी बोल. आणि निर्मातीला एकदा तरी सांगून बघ, अक्का. हात जोडते.

सुंदरी


इस्लामपूर, ११ फेब्रुवारी २०२४

अक्का,

वाईला जे झालं ते तुझ्यासमोरच झालं. पुढचं तुला माहीत नाही, म्हणून लिहिते. पण थोडं मागचंही लिहावं लागेल. तू खाली बघत बसली होतीस, त्यामुळं काय काय तुला दिसलं ते मला माहीत नाही.

आदल्या दिवशी अपेक्षाचा फोन आला, "उद्या घरातला सीन हाय, बाळंतिणीचा." म्हणून मी निघाले. इस्लामपूर ते सातारा एका गाडीनं, पुढं वाई दुसऱ्या गाडीनं, भरउन्हात पोचले. घाटाकडं जायचा रस्ता दोर लावून अडवला होता. दुकानांवर हळदीच्या अडतीच्या पाट्या लावल्या होत्या, खाली 'सांगली' लिहिलेलं. वाईच्या बायका दोराला टेकून बघत होत्या. एकजण मला म्हणाली, "आज आमची वाई सांगली झाली बघा." नदी तीच असली तरी सांगलीत ती अशी दिसत नाही, हे तिला काय सांगायचं.

तुला मी ओळखलंच नाही. मला वाटलं, लेखिका म्हणजे कॅमेऱ्याजवळ असेल, चार माणसं मागं-पुढं असतील. तू लांब, पिंपळाखाली प्लॅस्टिकच्या खुर्चीवर एकटी बसली होतीस. मांडीवर कागदांचा गठ्ठा होता, पांढरा, निळा, गुलाबी, पिवळा. मी विचारलं तेव्हा तू म्हणालीस, दर वेळी बदललं की नव्या रंगाची पानं येतात. त्यातली तुझी कुठली, विचारलं तर म्हणालीस, "पांढरी." गठ्ठ्यात पांढरी किती उरली होती ते मी बघितलं. उरलेलं कॅमेऱ्याजवळचा तो टोपीवाला पोरगा लिहितो म्हणालीस. रोज तुला नमस्कार करतो आणि तुझं एक पान काढतो.

"त्यांना सांगितलंस का?" मी विचारलं.

"सांगितलं, सुंदे. फार शांतपणे ऐकून घेतलं त्यांनी. आणि मग तो प्रसंग वाढवला."

तेव्हा मला तुझा राग यायला हवा होता. आलाच नाही. तुझ्या केसांचा रंग मुळाशी उतरला होता. तुझ्यापुढं भांडायला म्हणून घरून जी वाक्यं जुळवून आणली होती, ती कुणापुढं म्हणायची ते कळेना.

तेवढ्यात अपेक्षा आली. गळ्यात ओळखपत्र, हातात पिवळं पान, उन्हानं लाल झालेली. मला बघून "आई, तू हितं?" म्हणून मिठीच मारली. मग तुझ्याकडं वळली. तिला इतकं खूश मी बऱ्याच दिवसांत बघितलं नव्हतं.

"मावशी, ह्ये आत्ता नवीन पान आलंय, मीच मराठी करून दिलं. ह्ये माझ्या जन्माचं घेतलंस व्हय गं? पेढं म्हशीस्नी घातल्याचं! पण उलटं का केलंस? आमच्याकडं आज्जीनं आनंदानं घातलं हुतं. हितं ती म्हंत्या, डॉक्टरनं मुलगा सांगितला हुता."

तू कागदाकडं बघत राहिलीस. तू नुसतं 'गोष्ट आहे गं' म्हणाली असतीस तरी चाललं असतं. आयुष्यभर तेच तर केलंस. पण तू पानांच्या कडा जुळवत बसलीस. मी नदीकडं बघायला लागले.

अपेक्षानं तुझ्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. हसू तोंडावर तसंच राहिलं होतं, उतरवायचं राहून गेल्यासारखं.

"आई," ती म्हणाली, "उलटं कुणी केलंय?"

इथपर्यंत तू होतीस. मग तिला कुणीतरी हाक मारली आणि ती गेली. गेली आणि काम पुरं केलं, हे तुला माहीत आहेच. सासू झालेल्या त्या म्हाताऱ्या नटीला ते वाक्य तिनं चारदा म्हणून दाखवलं. "म्हशींना न्हाई म्हणायचं मॅडम, म्हशीस्नी." मी दोराच्या बाहेरून ऐकत होते.

ओळखपत्र तिनं त्या पुण्याच्या माणसाच्या हातात दिलं आणि माझ्याबरोबर गाडीत बसली. माझ्याबरोबर म्हणजे माझ्या मागच्या बाकावर. साताऱ्याच्या स्टँडवर गाडी बदलायची होती. तिथं बाकड्यावर माझ्या शेजारी बसली आणि समोर बघत म्हणाली,

"माझ्या आधी किती?"

"दोन."

"त्यांस्नी मुलगी म्हणून..."

"व्हय."

"आणि मला?"

मी म्हटलं, "तुझ्या वेळेला त्याचं चुकलं."

"तुला म्हाईत असतं तर तू न्हाई म्हणाली असतीस?"

अक्का, मला हो म्हणायचं होतं. तिला तेवढंच हवं होतं. त्या क्षणी खोटं बोलले असते तर कदाचित ती आज घरात असती. पण इतकी वर्षं तिला खोटं सांगितलं, त्याची काय गत झाली ते दुपारीच बघितलं होतं. आधी दोनदा मी नाही म्हणू शकले नव्हते. तिसऱ्यांदा म्हणाले असते असं कुठल्या तोंडानं सांगू? इस्लामपूरची गाडी लागली, आम्ही चढलो.

घरी आल्यावर ती सरळ सासूबाईंकडं गेली. त्यांनी सवयीनं हात पुढं केला. तिनं गोळी हातावर ठेवली, पाणी पाजलं. मग कानाशी वाकून विचारलं, "आज्जी, माझ्या जन्माला पेढं का आणलं हुतं?"

सासूबाईंना आता दिवस कळत नाही, माणसं कळतात. त्या हसल्या. तिच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "त्या डाक्टरनं फसवलं बघ आमाला. फसवलं म्हणून तर तू गावलीस."

तो हात अपेक्षानं काढला नाही. सकाळी एक बॅग भरली आणि पुण्याला गेली. जाताना माझ्या पाया पडली, अक्का. त्यांच्या नाही पडली.

सुंदरी


इस्लामपूर, १९ ऑक्टोबर २०२४

अक्का,

तुझं पत्र आलं. दोनदा वाचलं, मला नीट कळालं नाही म्हणून नव्हे.

तो प्रसंग शेवटी काढून टाकला. सिनेमा लांबत होता, म्हणून. निर्मातीलाही आता तो जड वाटला. तुला हे कुणी सांगितलंही नाही, थिएटरात बसल्यावर कळालं. तुझं नाव त्या पोराच्या नावाखाली आलं आणि लोक दिवे लागल्यावर उठून गेले.

वाईट वाटतं तुझ्यासाठी, खरंच. तीस वर्षं तिथं झिजलीस. पण मी वाचताना माझ्या मनात एकच येत होतं. दहा महिन्यांपूर्वी मी हात जोडून मागितलं, तेच त्यांनी घड्याळ बघून केलं.

अपेक्षाचा नंबर बदललाय. तिची मैत्रीण दीपमाला पुण्यातच असते, तिच्याकडून कळतं. एका कंपनीत लागली आहे, फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकायचं काम. बोली, सिनेमा काही नाही. दीपमाला म्हणाली, "काकू, ती ऑफिसात आमच्यासारखं बोलत सुद्धा न्हाई आता. पुण्याचं बोलती." मी तिच्याकडं लाडू पाठवले. दीपमालानं ते घेतले असं ती म्हणाली. अपेक्षानं घेतले का, ते मी विचारलं नाही.

सासूबाई गोळ्या थुंकतात. दिवसभर दाराकडं बघून "पोरगी कुठं गेली?" विचारतात. पहिल्यांदा मी सांगायची, कामाला गेलीय. आता सांगत नाही. मी त्यांना भरवते, पुसते, कूस बदलते. आमच्यात काही बोलणं होत नाही. त्यांना वाटतं, मीच तिला पाठवून दिलं. मला काय वाटतं, ते त्यांना कधीच कुणी विचारलं नाही.

तू विचारलंस, माझा तुझ्यावर राग आहे का. तू खरं लिहिलंस, मी खोटं सांगितलं. माझ्या खोट्यावर पोर हसत मोठी झाली. तुझ्या खऱ्यानं तिचं घर गेलं. यात राग कुणी कुणावर करायचा, मला जुळवता येत नाही. तुझ्या पुस्तकातल्या बाईला शेवटी सगळं समजतं. मला काही समजलं नाही.

सुंदरी


इस्लामपूर, २३ मार्च २०२५

अक्का,

सासूबाई गेल्या. झोपेतच. दीपमालाकरवी निरोप पाठवला होता. दहनाला अपेक्षा आली नाही, त्यानंतरही नाही. बायका विचारत होत्या, नात कशी आली नाही, एवढा जीव होता म्हाताऱ्याबाईंचा तिच्यावर. सुट्टी मिळाली नाही, मी म्हटलं.

तुझं पत्र त्याच आठवड्यात आलं, म्हणून उत्तराला उशीर झाला.

तू लिहितेस की आता तिथं काही उरलं नाही. एजंटनं तुझं नाव यादीतून काढलं, घराचं भाडं वाढलं, ओळखीची माणसं एकेक करून लांब गेली. दिवसभर कुणाशी एक शब्दही बोलणं होत नाही, इंग्रजीतही नाही. लिहायला बसलीस की पहिल्या ओळीतच थांबतेस. इकडं यावं का, इस्लामपुरात माझ्याकडं थोडे दिवस राहावं का, असं विचारलंस. इतकं घाबरून लिहिलंस की मला वाटलं, दुसऱ्या कुणाचं पत्र आहे.

घरात मी एकटीच आहे. जागा आहे. सोप्यात पलंग आहे, सासूबाईंचा, धुऊन उन्हात वाळवलाय. त्यावर झोपायला तुला चालत असेल तर ती तुझी जागा. अपेक्षाची खोली मी रोज झाडते, ती देणार नाही. मी काही सांगणार नाही, तूही विचारू नकोस. सकाळी बस्तीत जिनदर्शनाला जाते, संध्याकाळी दिवस असेतोवर जेवते, मग दार लावते. एवढंच आहे इथं.

बरेच दिवस मी हिशोब करत होते. तू या घरात आलीस हे अपेक्षाला कळालं, तर ती पुन्हा या उंबऱ्याला यायची नाही. म्हणून तुला नको म्हणायचं ठरवलं होतं, तसं पत्र लिहिलंही. मग काल दीपमालाचा फोन आला. अपेक्षा पुण्यातूनही गेली, बेंगलोरला की आणखी कुठं. तिलाही पत्ता दिला नाही.

तू नाही आलीस तरी ती येणार नाही, अक्का. तेव्हा ये.

सुंदरी